महाग मॉनिटर: पैसे कुठवर दिसतात?

मार्च २०२२ मध्ये ॲपलने ‘स्टुडिओ डिस्प्ले’ नावाचा २७ इंची मॉनिटर बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत होती १,५९९ डॉलर आणि भारतात १ लाख ५९ हजार ९०० रुपये. पडद्यावर आडवे ५,१२० आणि उभे २,८८० पिक्सेल, म्हणजे ज्याला ‘५के’ म्हणतात ते रिझोल्यूशन. २०२४ मध्ये आसुसने ‘प्रोआर्ट’ मालिकेत तेवढ्याच आकाराचा आणि तेवढ्याच पिक्सेलांचा मॉनिटर आणला, ७९९ डॉलरला. दोन्ही २७ इंची, दोन्ही ५के, दोन्हींचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्‌झ. किंमत मात्र निम्मी. मग वरचे ८०० डॉलर कशाचे?

ॲपलचा पडदा ६०० निटपर्यंत उजळतो, आसुसचा ४०० पर्यंत. ॲपलची बॉडी ॲल्युमिनियमची, आत सहा स्पीकर, कॅमेरा, माइक. मॅकबुकला एकच केबल जोडली की सगळं चालू. दुसऱ्या बाजूला, आसुसचा स्टँड वर-खाली होतो. ॲपलचा मूळ स्टँड फक्त पुढे-मागे कलतो आणि उंची बदलणारा हवा असेल तर ४०० डॉलर वेगळे. ॲपलच्या मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जागाच नाही. घरी विंडोजचा डेस्कटॉप असलेल्या माणसाने दुप्पट पैसे मोजले, तर त्याला जास्त नव्हे, कमीच सोय मिळते. मॅकबुकवर दिवसभर काम करून त्यावरूनच मीटिंगा करणाऱ्याला मात्र तोच मॉनिटर स्पीकर, कॅमेरा आणि चार्जर यांचा खर्च वाचवून देतो.

महाग मॉनिटर घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मॉनिटरवर अर्धंच अवलंबून असतं. किंमत वाढते तशी गुणवत्ताही बहुधा वाढते, पण डोळ्यांना जाणवणारा फरक एका टप्प्यानंतर झपाट्याने कमी होत जातो. हा टप्पा प्रत्येकाच्या कामानुसार वेगळ्या ठिकाणी येतो. आपला टप्पा कुठे आहे हे ओळखणं, हीच मॉनिटर खरेदीतली खरी अक्कल.

पैसे जातात कुठे

मॉनिटरच्या कंपन्या पुष्कळ असल्या तरी पडद्याचं पॅनेल बनवणारे कारखाने मोजके आहेत. एलजी डिस्प्ले, सॅमसंग डिस्प्ले, तैवानची एयूओ, चीनची बीओई ही त्यातली मोठी नावं. तिथे काचेचे प्रचंड पत्रे तयार होतात. एका प्रचलित आकाराचा पत्रा २.२ मीटर बाय २.५ मीटरचा असतो. त्यावर पिक्सेलांची जाळी चढवून मग त्यातून पडदे कापले जातात. पिक्सेल जितके दाट आणि पडदा जितका मोठा, तितकी एखादा दोष राहून तो पडदा बाद होण्याची शक्यता जास्त. ५के पडदा महाग असण्यामागे हे साधं कारण आहे.

एकाच कारखान्याचं पॅनेल दोन वेगळ्या कंपन्यांच्या मॉनिटरमध्ये असू शकतं आणि त्यांच्या किमतीत बराच फरक असू शकतो. हा फरक पॅनेलच्या आसपासच्या गोष्टींचा असतो: निवडून घेतलेले पडदे, कारखान्यात केलेलं रंगांचं कॅलिब्रेशन, आतलं इलेक्ट्रॉनिक्स, स्टँड, पोर्ट आणि वॉरंटी. यातल्या काही गोष्टी रोज उपयोगी पडतात, काही नुसत्या बॉक्सवर राहतात.

अक्षरांची धार

बहुतेकांचा दिवस मॉनिटरवर अक्षरं वाचण्यात जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करू. डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ६/६ दृष्टी म्हणतात, ती असलेल्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर हा बारकावा भरतो सुमारे ०.१७ मिलिमीटर. आता पिक्सेलचं माप बघा. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा असतो. २७ इंची फुल एचडीवर तो ०.३१ होतो, म्हणजे पडदा मोठा आणि अक्षरं जास्त भरड. २७ इंची क्यूएचडीवर ०.२३, २७ इंची ४के पडद्यावर ०.१६ आणि ५केवर ०.१२. ४केला आपण ती सीमा ओलांडतो. ५केमध्ये अक्षरांच्या कडा आणखी गुळगुळीत होतात आणि तीक्ष्ण नजरेच्या माणसाला ते कळतंही, कारण रेषेतला वाकडेपणा डोळा या मापापेक्षा बारीक पकडू शकतो. पण फुल एचडीवरून ४केला जाताना जो फरक डोळ्यांत भरतो, त्याच्या पासंगालाही ४के ते ५के हा फरक पुरत नाही.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला हा पहिला फरक जास्तच मोलाचा आहे. ‘वर्षांपूर्वी’ हा एक शब्द बारा पॉइंटांत टाइप करून बघा. शिरोरेषेच्या वर ‘र्षां’चा रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून, रेषेखाली ‘पू’चा ऊकार, पुढे ‘र्वी’वर वेलांटी आणि रफार एकत्र. रोमन लिपीत बहुतेक अक्षरं दोन-अडीच थरांत उरकतात. देवनागरीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन पुरती दालनं लागतात आणि वरच्या दालनात कायम गर्दी. २४ इंची फुल एचडी पडद्यावर अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन-दोन पिक्सेल येतात. तो रफाराच्या टोकात मिसळला की राखी रंगाचा एक डाग उरतो आणि तिथे अनुस्वार आहे की नाही, हे डोळा संदर्भावरून ठरवतो. २७ इंची ४के पडद्यावर तेवढ्याच आकाराच्या अक्षराला तिपटीहून जास्त पिक्सेल मिळतात. ठिपका गोल दिसतो, रफाराचा बाक वेगळा दिसतो, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांच्यात घोटाळा होत नाही. मुद्रितशोधन, डीटीपी, भाषांतर, संपादन करणाऱ्याने इथे पैसे वाचवू नयेत. सुटलेल्या अनुस्वाराची किंमत छापून झाल्यावर मोजावी लागते.

यात एक तांत्रिक बाबही आहे. विंडोजमध्ये अक्षरं आणि चिन्हं सव्वापट, दीडपट अशी कुठल्याही प्रमाणात बऱ्यापैकी स्वच्छ मोठी करता येतात, त्यामुळे २७ इंची ४के दीडपटीवर उत्तम चालतो. मॅकची व्यवस्था नेमक्या दुपटीवर सगळ्यात स्वच्छ दिसते आणि २७ इंचांत दुपटीचं गणित ५केलाच जमतं. ४केवर मॅक एकतर सगळं मोठं दाखवतो किंवा आधी मोठं चित्र बनवून ते लहान करतो, त्यात कडा किंचित मऊ होतात. म्हणून ५केसाठी जास्त पैसे देण्याचं सगळ्यात सबळ कारण मॅक वापरणाऱ्याकडे असतं.

काळा रंग किती काळा

एलसीडी पडद्यामागे दिवा कायम पेटलेला असतो आणि समोरचे पिक्सेल तो अडवतात. पूर्ण अडवता येत नाही, म्हणून काळा रंग थोडा राखाडी दिसतो. सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा यांच्यातलं प्रमाण म्हणजे कॉन्ट्रास्ट. नेहमीच्या आयपीएस पॅनेलचा तो हजारास एक असतो. एलजी डिस्प्लेचं ‘आयपीएस ब्लॅक’ पॅनेल, जे २०२२ मध्ये डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेत आलं, ते दोन हजारास एकपर्यंत जातं. व्हीए जातीची पॅनेल तीन हजार आणि त्याहून वर जातात, पण बाजूने पाहिल्यास त्यांचे रंग आणि गडदपणा बदलतो.

हजाराचे दोन हजार झाले, म्हणजे दुप्पट चांगलं असं वाटतं. प्रत्यक्षात खोलीतला उजेड मध्ये येतो. पांढरा रंग २५० निटवर ठेवला, तर हजारास एकच्या पडद्याचा काळा ०.२५ निट उजेड देतो आणि दोन हजारास एकचा ०.१२५. खोलीत दिवसा ३०० लक्स उजेड असेल आणि पडद्याचा पृष्ठभाग त्यातला एक टक्का परत पसरवत असेल, तर त्याचाच सुमारे एक निट काळ्या रंगावर चढतो. एका पडद्याचा काळा मग साधारण १.२ निट झाला, दुसऱ्याचा १.१. जवळजवळ काहीच फरक उरला नाही. रात्री दिवे घालवून सिनेमा पाहणाऱ्याला, किंवा अंधाऱ्या खोलीत चित्रफितीचं संपादन करणाऱ्याला तोच फरक स्पष्ट दिसतो. मोठ्या खिडकीसमोर बसून काम करणाऱ्याने जास्त कॉन्ट्रास्टसाठी पैसे देण्याआधी टेबल खिडकीला काटकोनात फिरवावं आणि एक पडदा लावावा.

रंग: जास्त की अचूक

जाहिरातींत ‘शंभर कोटी रंग’, ‘९८ टक्के पी-३’ असे आकडे असतात. ह्यूलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ‘एसआरजीबी’ हे रंगांचं प्रमाण पुढे आणलं आणि इंटरनेटवरची बहुतेक चित्रं आजही त्यातच असतात. ‘पी-३’ हे डिजिटल सिनेमासाठीचं प्रमाण. त्याची व्याप्ती सुमारे पंचवीस टक्के जास्त, विशेषतः लाल आणि हिरव्यात. ‘ॲडोबी आरजीबी’ १९९८ मधलं. छपाईच्या शाईतले निळसर-हिरवे रंग त्यात चांगले सामावतात.

जास्त व्याप्ती म्हणजे जास्त चांगले रंग, हा समज मात्र चुकीचा आहे. एसआरजीबीतलं चित्र जास्त व्याप्तीच्या पडद्यावर न जुळवता दाखवलं, तर सगळं भडक होतं: चेहरे लालबुंद, झाडं प्लॅस्टिकसारखी हिरवी. पैठणीचे फोटो काढून ऑनलाइन विकणाऱ्याने असा पडदा बघून रंग कमी केले, की गिऱ्हाइकाच्या फोनवर तीच पैठणी फिकट दिसते आणि ‘फोटोत दिसली तशी नाही’ म्हणून परत येते. त्याच्या कामाला एसआरजीबी नेमकेपणाने दाखवणारा साधा पडदा जास्त उपयोगी. जास्त व्याप्तीचा घेतलाच, तर त्यात एसआरजीबीपुरतं बांधून ठेवणारा मोड आहे का आणि त्या मोडमध्येही उजेड कमी-जास्त करता येतो का, हे आधी बघावं.

अचूकता मोजायला ‘डेल्टा ई’ हे माप वापरतात. हवा तो रंग आणि पडद्यावर आलेला रंग यांच्यातलं अंतर. एकच्या आसपास असेल तर ते सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम कळतं. दोनच्या आत असेल तर बहुतेक कामांना पुरतं. चांगल्या मॉनिटरच्या बॉक्समध्ये कारखान्यातला तपासणी अहवाल असतो. पण पडद्यामागचा दिवा वर्षागणिक बदलतो आणि त्याबरोबर रंगही सरकतात. म्हणून रंगांवर ज्याचं पोट आहे, त्याने कॅलिब्रेशनचं छोटं उपकरण घेणं, हे मॉनिटरवर आणखी काही हजार घालण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. जपानच्या ‘आयझो’ कंपनीच्या कलरएज मालिकेतल्या वरच्या मॉनिटरमध्ये असं उपकरण चौकटीतच बसवलेलं असतं. ते ठरल्या वेळी बाहेर येतं आणि पडदा स्वतःच स्वतःला तपासतो. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत रंग आणि उजेड सारखा राहील, याचीही तिथे वेगळी काळजी घेतलेली असते. हे मॉनिटर फार महाग आहेत, पण एक चुकीचा फर्मा छापून गेला तर होणारं नुकसान ज्याला ठाऊक आहे, त्याला ही किंमत समजते.

स्टिकरवरचे आकडे

काही आकडे मात्र किंमत वाढवतात आणि हाती फारसं देत नाहीत. त्यातला पहिला ‘एचडीआर ४००’. मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिस्प्ले एचडीआर’ची श्रेणी सुरू केली, त्यातली ही सर्वांत खालची पायरी. सुरुवातीच्या नियमांत तिच्यासाठी पडद्यामागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची अट नव्हती. ती सोय नसेल, तर ढगांमधून येणारं ऊन आणि खालची सावली एकाच चित्रात खऱ्यासारखी दिसणं एलसीडीला जमत नाही. त्यासाठी शेकडो भागांत विभागलेला मिनी-एलईडी दिवा किंवा ओएलईडी लागतो. नुसत्या एचडीआर ४००च्या स्टिकरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

दुसरा आकडा रिफ्रेश रेटचा. ६० हर्ट्‌झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १२० वर ८.३ आणि २४० वर ४.२. पहिल्या दुपटीने आठ मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या दुपटीने चारच. पान सरकवताना, माउस हलवताना ६० आणि १२० मधला फरक बहुतेकांना जाणवतो. त्यापुढचे पैसे वेगवान गेम खेळणाऱ्याने द्यावेत.

ओएलईडीचा मोह

ओएलईडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. त्यामुळे काळा खरोखर काळा, कोपऱ्यांत गळणारा उजेड नाही, हलत्या चित्रात फराटे नाहीत. २०२२ मध्ये सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी पॅनेल घेऊन डेलचा एलियनवेअर मॉनिटर आला आणि हा प्रकार संगणकाच्या टेबलावर रुळू लागला. सिनेमा आणि गेम यांसाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

रोजच्या कामासाठी मात्र दोन गोष्टींचा विचार करायला हवा. एक, त्या पॅनेलमध्ये लाल, हिरवे, निळे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले होते. विंडोजची अक्षरं ओळीतल्या ठिपक्यांचा हिशेब धरून आखलेली असल्याने काळ्या अक्षरांच्या कडांना हलकी रंगीत किनार येते. पिक्सेल दाट असलेल्या पडद्यांवर ती कमी जाणवते. दोन, जे चित्र दिवसचे दिवस एकाच जागी राहतं, म्हणजे टास्कबार, एक्सेलच्या पट्ट्या, त्याचा कायमचा ठसा पडद्यावर उमटण्याचा धोका असतो. कंपन्यांनी त्यावर उपाय केले आहेत. डेलने तर त्या मॉनिटरवर अशा ठशासाठीही तीन वर्षांची वॉरंटी दिली. पण दिवसाचे आठ तास एक्सेल उघडं असणाऱ्या टॅली-ऑपरेटरला किंवा अकाउंटंटला उत्तम आयपीएस पडदाच जास्त वर्षं साथ देईल.

जे बॉक्सवर ठळक नसतं

४के पडद्यात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. त्यातला एखादा कायम पेटलेला निघाला तर कंपनी पडदा बदलून देईलच असं नाही. आंतरराष्ट्रीय मानकात दोषांचे वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले दोन चालतात, म्हणजे ४के पडद्यावर सोळा. डेलच्या अल्ट्राशार्पसारख्या काही मालिकांवर एकही कायम उजळ पिक्सेल आढळला तरी पडदा बदलून देण्याचं वचन असतं. वरच्या किमतीचा एक भाग या वचनाचा असतो आणि तो योग्य आहे. वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्तीला माणूस घरी येतो की मॉनिटर आपण उचलून न्यायचा, आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे विकत घेण्याआधी लेखी बघून घ्यावं. नागपूर-नाशिकच्या पलीकडच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा प्रश्न पॅनेलच्या जातीइतकाच महत्त्वाचा आहे.

स्टँडचंही तेच. मान अवघडली की सगळा कॉन्ट्रास्ट फुकट जातो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यायला हवी. मागे १०० मिलिमीटर चौकोनातली चार भोकं असतील, तर वेगळा आर्म लावता येतो आणि महागड्या स्टँडची गरज राहत नाही. ॲपलने २०१९ मध्ये ४,९९९ डॉलरच्या प्रो डिस्प्ले एक्सडीआरसाठी ९९९ डॉलरचा स्टँड वेगळा विकला. तेवढ्या पैशांत तेव्हाही एक चांगला मॉनिटर येत होता. लॅपटॉप वापरणाऱ्याने यूएसबी-सी पोर्ट किती वॅट देतो हे बघावं. तो ९० वॅटच्या आसपास देत असेल, तर चित्र, चार्जिंग आणि कीबोर्ड-माउस एका केबलवर येतात.

करातही एक बदल झाला आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या पडद्याचे जुने भाव डोक्यात ठेवून सौदा करू नये.

हिशेब कसा मांडायचा

संगणक आपण चार-पाच वर्षांनी बदलतो. चांगला मॉनिटर दोन संगणकांना पुरतो. दिवसाला सहा तास, वर्षाला २५० दिवस आणि आठ वर्षं धरली तर १२ हजार तास होतात. २४ हजारांचा मॉनिटर मग तासाला दोन रुपयांना पडतो, ४८ हजारांचा चार रुपयांना आणि १ लाख ६० हजारांचा सव्वातेरा रुपयांना. दोनाचे चार करताना डोळ्यांचा ताण कमी होत असेल आणि चुका टळत असतील, तर संकोच करू नये. चाराचे तेरा करताना मात्र त्या नऊ रुपयांचं आपल्या कामात काय दिसणार आहे, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. मुद्रितशोधक म्हणेल, ‘मला अनुस्वार स्वच्छ दिसायला हवा’. त्याचं काम २७ इंची ४के आयपीएसवर भागतं. छपाईचा माणूस म्हणेल, ‘पडद्यावरचा रंग आणि प्रूफवरचा रंग एक हवा’. त्याने वरचे पैसे अचूकतेवर, एकसारखेपणावर आणि कॅलिब्रेशनवर घालावेत, आणि पडदा ८० ते १२० निटवर ठेवून काम करावं, कारण ६०० निटचा त्याला उपयोग नाही. जे वाक्य सांगता येत नाही, ते पैसे देऊ नयेत.

शक्य असेल तर मॉनिटर प्रत्यक्ष बघून घ्यावा. लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या दुकानात जाताना पेनड्राइव्हवर चार गोष्टी न्याव्यात: बारीक टाइपातलं मराठी पान, पूर्ण काळं चित्र, पूर्ण राखी चित्र आणि आपण स्वतः काढलेला, ज्याचे रंग आपल्याला माहीत आहेत असा एक फोटो. दुकानात मॉनिटर बहुधा सगळ्यात भडक मोडमध्ये आणि पूर्ण उजेडावर लावलेले असतात. साडी घेताना आपण ती दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन बघतो, तसंच इथे मोड साधा करून, उजेड निम्म्यावर आणून बघायचं. काळ्या चित्रावर कोपरे उजळ दिसतात का, राखी चित्रावर पट्टे किंवा डाग आहेत का, मराठी पानावर रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का. जवळच त्याच आकाराचा पुढच्या किमतीचा मॉनिटर असेल, तर तेच पान त्यावरही उघडायला सांगावं. दोन्हींकडे पाच मिनिटं पाहून फरक दिसला, तर तो पैसे देण्याजोगा आहे. आणि फरक शोधावा लागला, तर स्वस्तातला घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून चांगली खुर्ची, टेबलावरचा दिवा आणि लागत असेल तर संगणकासाठीचा चष्मा घ्यावा. आठ वर्षं रोज त्या पडद्यासमोर बसणाऱ्या डोळ्यांना या तीन गोष्टींचा उपयोग कुठल्याही स्टिकरपेक्षा जास्त होतो.